सीताफळाची बी

नागपूरहून परतताना, मोर्शीच्या अलीकडे
एसटीतच मायची जपमाळ तुटली.
कंडक्टरनं टॉर्च धरला,
कुणी पोतं उचललं, कुणी पाय,
आणि अख्ख्या गाडीनं मिळून
अठ्ठावन्न मणी परत केले.
एक गेला तो गेलाच.

आग्नेस खिडकीशी, स्टँडवरचं सीताफळ खात.
तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या,
डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवल्या होत्या.
"मंग कापणी कधी?" असं तिनं विचारलं
तेव्हा डॉक्टर हसले नव्हते.
तिनं तोंडातली बी काढली, ओढणीला पुसली:
"हे घे माय. हिले भोक पाड."

गोधडीच्या सुईनं मायनं पाडलं भोक.
बाप म्हणाला, सिस्टरकडे नवी माळ भेटते, फुकट भेटते.
माय म्हणाली, पेरली असती तं झाड झालं असतं हिचं,
पण मले सध्या मोजाले पाहिजे.

त्याच थंडीत आग्नेस गेली.
आदल्या रात्री शेगडीपाशी, गुडघे पोटाशी घेऊन
तिनं विचारलं होतं,
"स्वर्गात चालत जा लागते का वं?"
धर्मशिक्षक सिल्वेस्तरमामा खाकरले,
देहाच्या पुनरुत्थानाबद्दल काहीतरी सांगू लागले.
माय मधेच बोलली,
"नाही. उचलून नेतात.
दारात मारियामाय उभी रायते, कडेवर घ्याले.
वजन तं तुयं हायेच किती."

मी तेव्हा वरुडला संत्र्याच्या पेट्यांना खिळे ठोकायचो.
देवाशी बोलणं बंद होतं माझं.
भाऊकीत असतं तसं,
समोरून आला तर रस्ता बदलायचा.

दोन नोव्हेंबर. मृतांचा दिवस.
कबरस्तान तुरीच्या वावराला लागून,
कुंपण म्हणून बाभळीच्या काट्या.
फादर शाळेच्या वहीतून नावं वाचत होते,
आमच्या नावाशी येऊन चष्मा पुसला त्यांनी.
वारा मेणबत्ती टिकू देईना.
मायनं ती नारळाच्या करवंटीत उभी केली
आणि निघताना, लहान पोराला झाकावं तशी
दोन झेंडूंनी आडोसा केला.

रात्री लाईट गेली.
माय गौरवाचीच रहस्यं म्हणते हल्ली, वार कोणताही असो.
"दुःखाची मले पाठ हायेत. ते काहून मोजू?"
तिसऱ्या रहस्यात तिचा आवाज खाली खाली गेला,
मग नुसता श्वास.
माळ सोडवून घ्यायला मी हात घातला
तर तिच्या अंगठ्याखाली ती होती,
लांबट, गुळगुळीत,
बाकीच्या मण्यांहून उबदार.

शब्द येत होते मला.
लहानपणी छडी खाऊन पाठ केलेले,
विसरायचं ठरवूनही येत होते.
एक नमो मारिया म्हटलं,
नुसती जागा धरायला,
खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तशी.
मग दुसरं.
बीच्या पुढं सहा मणी होते त्या दशकात.
सहाही म्हटले.

विश्वास बसला असं नाही म्हणणार मी.
पण भरल्या गाडीत, अंधारात,
कुणीतरी न बोलता जरासं सरकावं
आणि आपल्याला टेकता यावं,
एवढं झालं.

पहाटे मायनं विचारलं,
"कोठवर आलती मी?"
"बीपर्यंत."
"अन् मंग?"
मी चुलीत काडी सारत होतो.
म्हटलं, पुढचे मी म्हटले.

ती काही बोलली नाही.
चहात साखर दोनदा टाकली.
मग कप तसाच हातात घेऊन अंगणात गेली,
तुरीवर अजून धुकं होतं,
आणि पलीकडच्या धुऱ्यावर कुणी उभं असावं
अशा बेतानं, फार मोठ्यानं नाही,
म्हणाली,
"आयकलं का वं, आग्नेस?"